फिल्मखालची रोपं

तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की मला कुंडलजवळची माझ्या चुलत्यांची, तात्यांची, रोपवाटिका आठवते. तेव्हा मी, ऊन आरपार जाऊ देऊन वीजही करणाऱ्या सौर फिल्मवर संशोधन करत होते. माझी पहिली फिल्म गडद होती. वीज बरी मिळाली, पण तिच्याखाली तात्यांची मिरचीची रोपं पांढुरकी होऊन लोळली. तरी त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा प्रयोगासाठी शेडचं छप्पर दिलं. या खेपेला मी फिल्मवर एक पातळ थर चढवला होता. रोपांना लागणारा उजेड खाली जावा आणि डोळ्यांना न दिसणारी उन्हाची किरणं अडून त्यांची वीज व्हावी, अशी त्याची करामत. एका रणरणत्या दुपारी लाइट गेली, शेडमधले पंखे थांबले आणि कोवळी रोपं माना टाकू लागली. "लाइटीची वाट बगायची, का तुझं जोडायचं?" तात्यांनी विचारलं. प्रयोगशाळेत तळहाताएवढा तुकडा चालला होता, एवढं मोठं छप्पर नव्हे. "जोडा," मी म्हटलं. पंखे थरथरले आणि थांबले. काकू म्हणाल्या, "आवं, रोपं जात्याल." "तात्या, बाकीचे काढा, एकच ठेवा," मी म्हटलं. त्यांनी वायरी सोडवल्या. पातं अडखळलं, मग फिरू लागलं. तात्यांनी पंख्याकडं पाहिलंच नाही. वाकून ते पानांवरचं ऊन न्याहाळत होते. "खाली उजेड हाय," ते हळूच म्हणाले. सांजेला रोपं सावरली. आजही एखादा विद्यार्थी वीज वाढल्याचं सांगत आला, की मी आधी विचारते, खाली उजेड किती उरला?