हजेरीवरचा शिक्का

कोंडिराम सरांचा गुडघा मंगळवारी भरदिवसा, केबिन रोडवर कोथिंबिरीची जुडी निवडताना फुटला. दोघं आले, हॉकी स्टिकचे तीन घाव घातले आणि "युनियन पाहिजे काय रे, म्हाताऱ्या?" म्हणत बाइकवरून निघूनही गेले. त्याच संध्याकाळी राजश्री मॅडमना त्यांच्याच सोसायटीच्या गेटवर केसांना धरून फरफटवलं. दोघंही एकाच खाजगी शाळेतले शिक्षक, आणि दोघंही रविवारच्या गुप्त बैठकीला होते. बातमी वैजयंता गमरेच्याही कानावर आली. गुंड संस्थेच्या चेअरमनचे, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. त्यांना पत्ते कुठून मिळाले, हे फक्त तिला ठाऊक होतं.

वैजयंता सहावी-बची वर्गशिक्षिका आणि शिक्षक युनियनची शाखा सचिव. वय एकावन्न. वडील मंडणगडहून येऊन भाईंदर पश्चिमेला वॉचमनकी करत राहिले, आणि पोरगी शिक्षिका झाली तेव्हा त्यांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटले. तिच्या शाळेची संस्था मोठी हुशार. नोकरी देतानाच प्रत्येकाकडून तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घ्यायची. कुणी तोंड वर केलं की तारीख टाकायची, विषय संपला. ते राजीनामे परत मागायला हिनं एकेकाला घरी गाठून सतरा जणांची युनियन उभी केली. चेअरमननं एकदा केबिनमध्ये तिच्या दिशेनं पेपरवेट भिरकावला. कानाजवळून गेला. हिनं तो उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पुढचा मुद्दा." अशी बाई घाबरेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पण मास्तर लोकांना एक वाईट सवय असते. चार माणसं जमली की त्यांचे हात हजेरी घ्यायला शिवशिवतात. बैठक गुप्त, तरी वैजयंतानं शाळेच्याच एका कोऱ्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीपटात, पट्टीनं रकाने आखून हजेरी घेतली. नाव, पत्ता, मोबाइल, सगळं टपोऱ्या अक्षरात. सोमवारी सकाळी सगळ्या वर्गांचे कॅटलॉग तपासणीला ऑफिसात जातात. तिच्या वर्गाच्या कॅटलॉगखाली चिकटून हाही गेला. दुपारी परत आला तेव्हा तिनं तो उघडून बघितला. क्लार्क बबननं इतर पानांवर मारतो तसाच रविवारच्या पानावरही गोल शिक्का ठोकला होता: 'तपासले', खाली सोमवारची तारीख. त्यानं न बघताच मारला असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली, कॅटलॉग पर्समध्ये कोंबला आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोंडिराम सर निदान सावध तरी राहिले असते.

बुधवारी शाळा सुटल्यावर उरलेले सगळे भाईंदर पश्चिमेच्या एका क्लासच्या खोलीत जमले. दार लावून घेतलं. एकेकाला धमकीचा फोन आला होता, घरच्या पत्त्यासकट. फितूर कोण, एवढाच प्रश्न होता.

"हजेरीचं काय?" कुणीतरी विचारलं.

"माझ्याकडेच आहे," वैजयंता म्हणाली. पर्स तिच्या मांडीवर होती.

मग चित्रकलेचे पंढरीनाथ सर उठले. पोरांच्या रंगपेट्या आवरून देणारा हा मऊ माणूस. "लोकेशला फोन नाही आला," ते म्हणाले.

लोकेश कॉम्प्युटर शिकवायचा. दोन महिन्यांपूर्वीच लागला होता. "सर, मला काय माहीत? मी वरसाव्याला राहतो, रविवारी ट्रॅफिकमध्ये अडकलो, बैठकीला लेट आलो—"

पहिली थप्पड तिथंच बसली. लोकेशनं गालाला हात लावला आणि का कोण जाणे, वैजयंताकडे बघितलं. त्याला फोन का आला नाही, हे तिला माहीत होतं. तो आला तेव्हा हजेरी संपली होती. "बस, तुझं नाव नंतर लिहिते," असं ती म्हणाली होती आणि विसरली होती. त्याचं नाव यादीत नव्हतं, म्हणून त्याला फोन नव्हता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की युनियन संपली, आणि युनियनमधली तीही संपली, या भीतीनं तिनं पर्सची चेन ओढून घट्ट लावली.

तोवर त्याला खाली पाडलं होतं. वर्गात पोराला ओरडतानाही अडखळणारी माणसं लाथा घालत होती. पंढरीनाथ सरांनी फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास उचलला आणि तोंडावर हाणला. दात पडल्याचा आवाज आला. वैजयंता बाकावर बसून फटके मोजत होती. वर्गात पोरं मोजायची, तसेच. अकराव्याला ती किंचाळली, "थांबा! चूक माझी आहे. हजेरी मीच ऑफिसात पाठवली!"

"मॅडम, ह्याला वाचवायला उगाच स्वतःवर घेऊ नका," पंढरीनाथ सर धापा टाकत म्हणाले, आणि बाराव्यांदा हाणला. तिच्यावर त्यांचा इतका विश्वास होता.

तिनं पर्समधून कॅटलॉग काढला आणि उघडून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. सरांनी शिक्का वाचला. तारीख वाचली. कंपास हातातून गळून पडला. सगळे लोकेशपासून दोन पावलं मागे सरकले. तिला वाटलं, कुणीतरी आपल्यालाही मारावं. ते कुणी केलं नाही.

हॉस्पिटलला जाताना रिक्षात लोकेश तिची ओढणी तोंडाला दाबून बसला होता. ओढणीआडूनच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काहीतरी माहितीये, हे मला पहिल्या थपडेलाच कळलं. मला वाटलं, आता बोलाल."

तिनं पुढे वाकून रिक्षावाल्याला घाई करायला सांगितलं.

हॉस्पिटलात हवालदारानं वही उघडली. "कोणी मारलं?"

लोकेशनं भिंतीकडे बघितलं. "पडलो, साहेब. जिन्यावरनं."

त्यानं सगळ्यांना सोडलं होतं, तिलाही. हवालदार ते लिहायला लागला.

"पडला नाही," वैजयंता म्हणाली. "आम्ही शिक्षकांनी मारलंय. पहिलं नाव माझं लिहा."

हवालदारानं तिच्या पांढऱ्या केसांकडे, चष्म्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही मारलंत?"

"हो," ती म्हणाली. "बाकावर बसून."