वळणावरचा आवाज

टू-स्ट्रोक ऑइल जळल्याचा वास आला की मला पाथरीजवळच्या माळावरची मोटरसायकलींची ती शर्यत आठवते. आदल्या वर्षी दादा तिथल्या डाव्या वळणावर पडला होता आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. यंदा निवडफेरीत पहिल्या आठांत आलो नाही तर गाडी विकून टाकीन, असं त्याने घरी कबूल केलं होतं. प्रत्येकाला दोन संधी होत्या आणि वेळ मोजायचं घड्याळ माझ्याकडे होतं. पहिल्या फेरीत दादा बराच मागे पडला. "इंजिन बसलंय, चाचा. पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्यात," हेल्मेट काढत तो आमच्या मेकॅनिकला म्हणाला. चाचांनी रेस देऊन कान लावला, लुंगी खोचली आणि मधल्या वेळात स्वतःच गाडीवर बसले. "चाचा, चप्पल सांभाळा!" पोरं ओरडली. चाचांनी फेरी मारली, तेव्हा वळणावरही गाडीचा आवाज खाली आला नाही. दादाने माझ्या हातातून घड्याळ घेतलं. चाचांची वेळ त्याच्यापेक्षा चांगली होती. "झिजलंय थोडं, खरं हाय," चाचा खाली बघत म्हणाले, "पण इतकं न्हाई, बाबा." दादा हेल्मेट चढवून दुसऱ्या फेरीला गेला. सरळ पट्ट्यात गाडी सुसाट होती, पण वळण आलं आणि आवाज एकदम पडला. मी घड्याळ थांबवलं. वेळ कुणीच विचारली नाही. माझी मुलं आता कधी कधी विचारतात, मामाने शर्यत का सोडली. मी सांगते, इंजिन झिजलं होतं.