बहिणीची सवत

मला लिहिण्याची सवय नाही. पण मेहुण्यांबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान मुख्य मार्गापासून फुटून आमच्याकडे येणाऱ्या रेल्वेफाट्यावर चावीवाले होते. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोडीनं ठोकत रोज चालायचं, ढिली दिसली की घट्ट करायची, हे काम. घरीसुद्धा खाट, दार, डबे वाजवून बघायचे. लोक त्यांना ठोकेबुवा म्हणत. बहीण म्हणायची, "मला मात्र न वाजवताच घेतलंत!"

पुढे गाडी बंद झाली. बहिणीला दम लागू लागला. मुलगा शहरात, इस्पितळाजवळ. तो बोलावत होता. मेहुणे हलेनात.

"रूळ आहेत तोवर ते माझ्याकडे आहेत."

बहीण मला म्हणाली, "दादा, ही सवत एकदा उचलून नेऊ दे. मग तरी नवरा माझ्या वाट्याला येईल."

गेल्या वर्षी ठेकेदारानं रूळ उखडून नेले, खालचे स्लीपरही नेले. मेहुणे सकाळी निघतच राहिले.

एकदा बहीण आणि मी त्यांच्यामागून गेलो. खडीचा बांध, त्यात माजलेली झुडपं, फलाटाचा चौथरा, टाकीचे नुसते खांब. नसलेल्या स्लीपरांवर पाय पडावा तशी मेहुण्यांची आखूड पावलं. एका दगडी मोरीपाशी बहीण धापा टाकत बसली.

"अहो, आता काय उरलंय इथं?"

त्यांनी मोरीचा दगड ठोकला. "ऐक. बद्द वाजतोय. आतून सुटलाय."

"आणि माझी छाती वाजतेय, ती ऐकू येत नाही?"

ते पुढच्या दगडाकडे वळले.

"मी सोमवारी मुलाकडे जातेय. यायचं तर या."

"पुढची मोरी बघून येतो," म्हणाले आणि निघाले.

सोमवारी तिला बसपर्यंत मीच पोचवलं. ती सारखी रस्त्याकडे बघत होती.

"येतील," मी म्हणालो.

"दादा, खोटं बोलणं तुला कधीच जमलं नाही."

परतताना मेहुणे बांधावर उभे दिसले.

"बस वेळेवर सुटली?"

"सुटली."

"बसायला जागा मिळाली?"

"नाही. उभीच गेली."

त्यांनी पायाजवळचा एक दगड हातोडीनं ठोकला. मग म्हणाले, "लवकर निघायला हवं होतं."

तिनं की त्यांनी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.