वहिनीचा पाहुणा

वहिनी गेल्याची तार अमरावतीला माझ्या हातात पडली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून एसटी गाठली. नागपूरला दारातच दादानं माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "तुह्या वहिनीनं पाहिलं असतं तर हसून हसून..." खरंच हसली असती हो! आता महिना उलटून गेलाय. मी तिच्यासाठी रडायला बसतो आणि दर वेळी मला तो पिवळा कुत्रा आठवतो, आणि असं हसू उचंबळून येतं की रडणं राहतं बाजूला. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी कॉलेजात होतो, धरमपेठेत दादा-वहिनीकडे राहायचो. दादा सदर भागातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. शर्टाला सुरकुती पडली तरी ह्याच्या कपाळाला आठी. वहिनी वर्ध्याकडच्या शेतकऱ्याघरची, गाईगुरांत वाढलेली, आवाज असा खणखणीत की तीन घरं पलीकडे ऐकू जावा. एकदा रामदासपेठेतून आम्ही भाजी घेऊन येत होतो, तर डोळ्यांदेखत एका मोटारीनं रस्त्यावरचा कुत्रा उडवला. मी आपला उभाच. वहिनी ओरडली, "मले काय पाहून राहिले भाऊजी, रिक्षा थांबवा!" भाजी राहिली रस्त्यावर, आणि कुत्रा तिच्या पदरात गुंडाळून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात! डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, मागच्या पायाला प्लास्टर घातलं आणि म्हणाले, "इथं ठेवायला जागा नाही. पाय जुळेपर्यंत कोणी घरी सांभाळलं तर वाचेल." वहिनीनं कुणाला विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी दादा आला. व्हरांड्यात, त्याच्याच आरामखुर्चीखाली, पाय पसरून हे ध्यान.

"हे काय हाये?"

"पाहुणा हाये. बरा झाला की जाईन," वहिनी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. झालं! तेच नाव पडलं. वहिनी त्याला दूध-भाकरी कुस्करून भरवायची, औषधाची गोळी गुळात दडवायची, आणि तो पठ्ठ्या गूळ खाऊन गोळी तेवढी थुंकायचा. दादा वर्तमानपत्राआडून म्हणायचा, "हुशार हाये लेकाचा."

पण प्लास्टर सुटलं तरी पाहुणा उठेना. हाड जुळलं होतं, पण मागचा भाग फरफटत न्यायचा आणि डोळे मिटून पडून राहायचा. डॉक्टर भले माणूस होते, तेही हळहळले. म्हणाले, "पोळ्याच्या सुट्टीनंतर आणा. तोवर उभा नाही राहिला तर सुई देऊन सोडवू बिचाऱ्याला." वहिनी रिक्षात ढसाढसा रडली. मग नाक पुसलं आणि म्हणाली, "सुई देते म्हणे! काहून? मी देऊ देईन तवा ना!"

आता आमच्याकडचा तान्हा पोळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरंसोरं चाकांच्या पाटावर उभे केलेले लाकडी नंदी सजवून मैदानात ओढत नेतात. आमच्या घरी दादाचा लहानपणचा सागवानी नंदी होता. गल्लीतली पोरं तो ओढायची आणि दादा बाजूनं असा चालायचा, जशी काही लग्नाची वरात! वहिनीनं काय करावं? नंदीचे स्क्रू काढले, त्याला देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि चाकांच्या पाटावर उशी घालून जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी पाहुण्याचं कंबरडं बांधलं. पुढचे पाय त्याचे, मागचे नंदीचे! पहिल्यांदा तो घाबरून मोरीत शिरला. चौथ्यांदा अंगणभर खडखडत फिरला, आणि वहिनी टाळ्या वाजवत मागे मागे.

दादा बिथरला. "माह्या नंदीले लुळा केला तू!"

"तो लाकडाचा हाये. त्याले नाही दुखत."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात दादा नंदीला कडेवर घेऊन निघाला, मागून चाकांवर पाहुणा, गळ्यात झेंडूची माळ. लोक पोट धरधरून हसत होते. वहिनी मात्र हसत नव्हती. सुट्टी संपत आली होती, तिचं सगळं लक्ष त्या दोन पायांवर.

मैदानात झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, तोरण तुटलं, पोळा फुटला! सगळी पोरं नंदी घेऊन एकदम धावली. काय तो खडखडाट! पाहुणा बिचकला आणि जीव खाऊन उसळला. पाट उलटला, पट्ट्या फाटल्या... वहिनीनं डोळ्यांवर हात घेतले. "भाऊजी, मेला का वं माय?" मी कशाला उत्तर देतो! मी नाचत होतो! लंगडत, कोलमडत, पुन्हा उठत, चारी पायांवर पाहुणा त्या नंद्यांमागे पळत सुटला होता! दादानं तर हातातला नंदी दिला टाकून मातीत आणि शिट्टी मारली. माझ्या जन्मात मी दादाची शिट्टी तेव्हाच ऐकली.

डॉक्टरांनी सुई आत ठेवून पेढे मागवले. पुढे काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेवाल्यानं राखणीला कुत्रा मागितला. दादा दारात आडवा. "ठेवू ना वं त्याले." वहिनीच्या डोळ्यांतून धारा, पण म्हणाली, "हा राहिला तर दुसऱ्याले जागा कुठून आणू?" आणि मग काय, लाइनच लागली. आंधळं, लंगडं, खरजेलं... डॉक्टरांच्या दवाखान्यातून निघालं की थेट आमच्या व्हरांड्यात. बरं झालं की वहिनी घर शोधायची, निरोप द्यायची, दिवसभर रडायची आणि संध्याकाळी नवं पोतं अंथरायची. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या रविवारी धरमपेठेत गेलो. दादा खाली फरशीवर बसलेला, शर्ट चुरगळलेला, मांडीवर प्लास्टर घातलेलं एक काळं पिल्लू. वाटीतलं दूध बोटानं चाटवून राहिला होता.

"हे कुठून आलं, दादा?"

"दवाखान्यातून माणूस आला होता. त्याले माहीत नव्हतं. म्हणे, बाई आहेत का घरी?"

"मग?"

दादानं वर पाहिलं नाही.

"मी म्हटलं, हाये."