माडीवरचं स्टेशन आणि जर्मन पेटी

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, भालकी मुक्कामी, आमच्या थोरल्या बंधूंच्या घराच्या माडीवर, येत्या रविवारी सकाळी, एकाच रुळावर, एकाच पेटीवरून, एकाच माणसाच्या हुकमतीखाली दोन गाड्या एकाच वेळी धावतील. प्रवाशांनी चपला जिन्याखाली काढाव्यात. मांजरास प्लॅटफॉर्मवर सक्त मनाई आहे.

ही घोषणा मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून, छातीवर हात ठेवून, दोनदा केली. शाळेत मी मराठी शिकवतो आणि गॅदरिंगची नाटकं बसवतो, त्यामुळे घोषणा हा माझा प्रांत. श्रोते तिघं होते आणि तिघांपैकी कोणीही हसलं नाही. अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, खिडकीकडे तोंड करून बसले होते. वैनी लसूण सोलत होत्या. आणि त्यांचा मुलगा, पश्चिम जर्मनीत कारखान्यात इंजिनियर असलेला माझा पुतण्या, माझ्याकडे असं बघत होता की जणू मी मयताच्या घरी पेढे घेऊन आलोय.

न हसण्याचं कारण मला माहीत होतं. माझा त्यावर विश्वास नव्हता, एवढंच.

अण्णा आमच्या लायनीवरच्या एका लहान स्टेशनचे मास्तर. निवृत्तीला थोडा काळ उरलेला. दिवसभर खऱ्या गाड्या सोडायच्या आणि घरी येऊन खोट्या, असा त्यांचा संसार. पुतण्यानं पूर्वी एका सुट्टीत गाडीचा खोका आणला होता, वीतभर लांबीचं इंजिन, चार डबे, वेटोळं घालायला रूळ. अण्णांनी त्याचं काय केलं ते बघायला लोक उदगीरहून यायचे. दोन तक्तपोस, म्हणजे लाकडी पलंग, जोडून त्यांनी वर आख्खी लाइन मांडली. दोन स्टेशनं, मधे एकच रूळ, समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला एक वळणाची लाइन, म्हणजे लूप. झाडं घोसाळ्याच्या वाळक्या जाळीची, हिरव्या शाईत बुडवलेली. रुळाखालची खडी म्हणून राळे पसरले होते, ते मुंग्यांनी एका उन्हाळ्यात गावाबाहेर नेले. मग खरी खडी कुटून, चाळून घातली. साखर कारखान्याच्या उसाची मालगाडी काडेपेट्यांची, पुतण्यानं नंतर आणलेल्या दुसऱ्या इंजिनामागं जोडलेली.

चालवायची पद्धत जुनी होती. रुळाचे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्याला वेगळा खटका. खटका दाबला की त्या तुकड्यात वीज, आणि बटण फिरवलं की तिथली गाडी हलणार. दोन गाड्या असल्या तर एकीच्या तुकड्याची वीज तोडून तिला उभी करायची, तेव्हा दुसरी सोडायची. चाक एका तुकड्यावरून दुसऱ्यावर गेलं की खट्ट वाजायचं. सिग्नल लाकडी हाताचे, दोरा ओढला की खाली पडणारे; हात पडला की रस्ता मोकळा.

आणि माझं काम पोर्टरचं. ही भूमिका मला फार आवडायची. लहान स्टेशनवर जसं चालतं तसंच माडीवर चालायचं. मास्तर विचारणार, पोर्टर बघून मोठ्यांदा सांगणार, मगच गाडी हलणार.

"सिग्नल?" अण्णा विचारायचे.

"पडला साहेब," मी दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असं ओरडायचो.

"मालगाडी?"

"लूपात उभी साहेब, शेपूट आत."

"गाडी जाऊ दे."

खाली दुकानात बसलेला शेजारी एकदा म्हणाला होता, "मास्तर, तुमच्या माडीवरच्या गाड्या भालकी स्टेशनपेक्षा टायमात सुटायल्यात." आम्ही दोघं भाऊ त्या वाक्यावर आठवडाभर फुगलो होतो.

या सुट्टीत पुतण्यानं नवी पेटी आणली. करडी, जेवणाच्या डब्याएवढी, वर आकड्यांची बटणं आणि एक लाल गोल मूठ. पेटीतून रुळात सतत वीज आणि त्या विजेतून हुकूम. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप, त्या चिपला एक नंबर. पेटीवर पाच दाबून मूठ फिरवली की फक्त पाच नंबरचं इंजिन हलणार, बाकीची शेजारी उभी असली तरी ढिम्म. सिग्नलही आता दिव्यांचे, लाल आणि हिरवे, त्यांच्या बटणांची पट्टी वेगळी. मी तर ते बघून दोन्ही हात जोडले. पुतण्यानं आणखी एक काम केलं. वीज सगळीकडे नीट पोचावी म्हणून रुळाचे सगळे सांधे डाग देऊन जोडून टाकले. गाडी त्यावरून लोण्यावरून सुरी जावी तशी जायला लागली. काहीही न वाजता.

अण्णांचा चेहरा त्या क्षणी पडला. मी म्हटलं, असेल, जुन्या कामाची माया असेल.

"ही पेटी नको," ते म्हणाले.

"कामून नको, अप्पा?" पुतण्यानं विचारलं. बापाला तो अप्पा म्हणतो.

"लाइट गेली की काय करती ही?"

"परत आली की पुन्हा नंबर दाबायचा."

"म्हंजे विसरती. जी पेटी विसरती, तिच्या हातात मी गाडी देत न्हाई. भालकीत लाइट दिवसातनं किती बार जाती, तुला तिकडं जर्मनीत काय ठावं."

पुतण्या म्हणाला, लाल दिव्यापुढं गाडी आपोआप थांबेल अशीही जोडणी करता येते. अण्णा उसळले. "सिग्नल गाडी थांबवत न्हाई बाबा. माणूस थांबवतो. सिग्नल नुसता सांगतो. ती जोडणी करू नको."

मला हे मुद्दे इतके पटले की मी मान डोलावून डोलावून थकलो. पुतण्याला पटले नाहीत. तो बापाच्या तोंडाकडं बघत होता, मुद्द्यांकडं नाही.

त्या संध्याकाळी वैनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातात चहा दिला आणि दार लोटलं.

"भावजी, तुमच्या भावाला दिसंना झालंय."

मी म्हटलं, "वैनी, वयाप्रमाणं—"

"वयाप्रमाणं न्हाई. परवा चहा कपाच्या भाईर वतला. काल दारात पेरूच्या झाडाला 'या, बसा' म्हटलं. मी हसले तर तवापासून बोलले न्हाईत. पोरगा म्हणायलाय सोलापूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं चला. हे म्हणायलेत, डॉक्टरनं एकदा कागदावर लिवलं की स्टेशन गेलं, मग पार्सलच्या खोलीत बसून चिठ्ठ्या चिकटवायच्या."

"अहो पण दोन-दोन गाड्या सोडतात की वर. एकदा टक्कर झाली का? मी स्वतः उभा असतो तिथं. माझ्या डोळ्यांनी बघायलोय मी."

वैनी म्हणाल्या, "वरच्या गाडीत काडेपेट्या असतात, भावजी. तिकडच्या गाडीत माणसं असतात."

चहा गोड होता. मी तो अर्धाच ठेवून उठलो.

तरी मी अण्णांच्याच बाजूनं उभा राहिलो, हे सांगायला हवं. जेवताना पुतण्यानं विषय काढला आणि बापलेकांची जुंपली, तेव्हा मीच मधे पडून म्हणालो, अरे, ज्याला दिसत नाही तो माडीवर दोन गाड्या टायमात सोडेल का? पुतण्यानं घास खाली ठेवला.

"बरं. काका म्हणायलेत तसंच करू. नवी पेटी. दिव्याचे सिग्नल. सिग्नलच्या पट्टीवर मी बसतो, पुढच्या स्टेशनचा मास्तर म्हणून. अप्पा एकट्यानं दोन गाड्या आणायच्या, दोन सोडायच्या. जमलं तर मी सोलापूरचं नाव काढणार न्हाई, सोमवारी गप गाडीत बसून जाईन. न्हाई जमलं तर सोमवारी अप्पा माझ्यासंगट सोलापूरला."

"पोर्टर पाहिजे," अण्णा लगेच म्हणाले.

"काका असू दे की," पुतण्या म्हणाला. "पोर्टर तर असतोच."

अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी. "मग हाणू आपण," ते म्हणाले आणि भाकरीचा दुसरा तुकडा मागितला.

त्यानंतरचे दिवस आम्ही रोज शाळा सुटल्यावर तालीम केली. इंजिनांच्या चिपवर नखाएवढ्या पट्टीत बारीक खटके असतात, ते खालीवर करून नंबर ठरवायचा. ते अण्णांनी माझ्याकडं दिलं. "तुझी बोटं बारीक हायत, मास्तरकी करून." मी खुश होऊन टाचणीनं खटके हलवले, प्रवासी गाडीला पाच, मालगाडीला दोन. पेटीच्या पाचच्या बटणावर त्यांनी ज्वारीचा एक दाणा डिंकानं चिकटवला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, नव्या गोष्टीला धान्य लावावं. मला ती कल्पना एवढी आवडली की शाळेत जाऊन मी दोघा शिक्षकांना सांगितली.

तालीम अप्रतिम झाली.

"सिग्नल?"

"हिरवा साहेब."

"मालगाडी?"

"लूपात, शेपूट आत."

"जाऊ दे."

दोन्ही गाड्या एकमेकींना अशा ओलांडून जायच्या की वैनीसुद्धा जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडं बघून भुवया उडवल्या. म्हटलं, बघा. त्यांनी अण्णांकडं बघितलं नाही. माझ्याकडंच बघत राहिल्या, माझ्या तोंडाकडं, आणि खाली निघून गेल्या. काहीतरी त्यांच्या मनात आलं होतं. मला वाटलं, माझ्या अभिनयाचा परिणाम.

शनिवारी शाळेचं गॅदरिंग होतं. ऐतिहासिक नाटक, दोनशे पोरांचा गोंगाट, माइक सुरुवातीलाच मेलेला. विंगेतून मी संपूर्ण सैन्याला संवाद पुरवले. सेनापतीला ताप आला म्हणून तिसऱ्या अंकात मी स्वतः सेनापती झालो आणि किल्ला घेतला. टाळ्या प्रचंड. रविवारी सकाळी उठलो तर तोंडातून वारा यायचा आणि वाऱ्याखेरीज काही नाही.

वैनींनी हळदीचं दूध दिलं. ज्येष्ठमध चघळायला दिलं. मी खुणेनं विचारलं, पुढं ढकलायचं का? पुतण्या म्हणाला, "उद्या सोलापूरहून माझी पुढची गाडी हाय काका. आणि तुम्हाला गाडी चालवायची न्हाई. तुम्ही नुसतं हुबं राहा." अण्णा तेव्हा न्हाणीत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून ते वर आले, तेव्हा मी माझ्या जागी उभा होतो, कंबरेला लाल-हिरव्या झेंड्या खोचून. आवाज गेल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं असं कुणाला वाटलंही नाही. मला दिसत होतं, त्यांना दिसत होतं, दिवे चांगले टपोरे होते, आणि बाहेर लख्ख ऊन.

वैनी दारात उभ्या.

अण्णांनी पेटीवरून बोटं फिरवली, ज्वारीचा दाणा चाचपला, मूठ धरली. मालगाडी पलीकडच्या स्टेशनहून निघाली होती, ती मधल्या एकेरी रुळावर आली. पुतण्यानं अण्णांच्या गाडीपुढचा सिग्नल लाल केला. बरोबरच होतं. समोरून गाडी येत असताना दुसरं काय करणार.

"सिग्नल?" अण्णांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. वारा आला. मी मान हलवली, नाही नाही, आणि कंबरेची लाल झेंडी काढून समोर धरली.

अण्णा थेट माझ्याकडं बघत होते. चार हातांवरून. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते आणि माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांच्या डोळ्यांत कुठंच उमटत नव्हतं. मी झेंडी हलवली. त्यांनी जरासा कान तिरका केला, जसं आपण दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकायला करतो. रूळ गप्प होता, आता सांधे वाजत नव्हते. पुतण्या पट्टीवरून हात उचलून बापाकडं बघायला लागला.

मग अण्णा माझ्याकडं बघून छान हसले, मान डोलावली, "हं," म्हणाले, जणू मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. आणि मूठ फिरवली.

मी धावलो, पण पेटी त्यांच्या पलीकडं होती. पुतण्या जागचा हलला नाही. त्याला थांबवता आलं असतं, आणि त्यानं थांबवलं नाही, याचा राग मी त्याच्यावर नंतर बरेच दिवस धरून होतो. इंजिन उसाच्या गाडीवर आदळलं. घोसाळ्याचं एक झाड घेऊन दोन डबे तक्तपोसावरून खाली पडले. काडेपेट्या फरशीवर पसरल्या. आवाज फार झाला नाही, भांड्यांची उतरंड पडल्याएवढाही नाही.

अण्णांनी मूठ सोडली नव्हती. इंजिन उलटं पडून चाकं फिरवत होतं. वैनी पुढं झाल्या, त्यांनी भिंतीवरचा वायरीचा खटका बंद केला आणि तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावून. पुतण्या उठला, काहीतरी बोलणार होता.

अण्णांनी माझ्याकडं तोंड केलं. नीट माझ्याकडं नाही, मी आधी जिथं उभा होतो त्या जागेकडं. तिथं आता कोणी नव्हतं. राग नव्हता त्यांच्या आवाजात. विश्वासातल्या माणसानं ऐन वेळी जागा सोडल्यावर बघावं तसे ते बघत राहिले आणि बोलून गेले,

"आरं, आज तू वरडलास कामून न्हाई?"