घसा डॉक्टर आणि लाल दोऱ्याची कोंबडी

आमचे घसा डॉक्टर माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या कोंबड्यांचा घसा कसा आहे ते विचारायचे. जनावरांच्या कॉलेजात प्राध्यापक, घर उदगीरच्या आडत दुकानदाराचं, गळ्यात लिंगायतांचं लिंग, अंडंसुद्धा कधी खाल्लेलं नाही. आणि उभा जन्म घातला कोंबडीच्या घशात. देवालाही काय एकेक मस्करी सुचते!

त्यांचा अभ्यास कोंबड्यांच्या कोरोनाचा. हो, कोंबड्यांचा वेगळा असतो, आपल्याला तो होत नाही. या विषाणूच्या अंगावर काटे असतात आणि त्या काट्यांचं जनुक गावोगाव बदलतं. समजावताना डॉक्टर थेट आडतीवर जायचे. "तूर सगळीकडं तूरच हाय. पण उदगीरची निराळी, भोकरची निराळी. काट्याचंबी तसंच." नव्या काट्यापुढे जुनी लस हतबल, म्हणून लस देऊनही आमच्या कोंबड्या घरघरत होत्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेड बंद करायचं ठरवलंच होतं. कोणती लस लागू पडेल ते कळेपर्यंत थांबा, असं डॉक्टर विनवत होते.

आजारी कोंबड्यांच्या घशाचे आधीचे नमुने कोरे आले, विषाणू सापडलाच नाही. मग एका सकाळी डॉक्टरांनी एकेक कोंबडी कानाला लावून पाहिली. एका टुणटुणीत दिसणारीच्या श्वासात त्यांना बारीक शिट्टी ऐकू आली. दुखणं असं नुकतं लागलेलं असतानाच विषाणू हाती लागतो. तिच्या पायात लाल दोरा बांधून ते नमुन्यासाठी बर्फ आणायला गावात गेले.

आमच्याकडे पाहुण्याने हेरलेली कोंबडी पाहुण्यालाच रांधून घालतात. अण्णांनी हिशेब लावला: साहेबांना घरी चालत नसणार, तोंडाने मागायची लाज, म्हणून खूण करून गेले!

डॉक्टर बर्फ घेऊन आले तर समोर ताट. अण्णा हळूच म्हणाले, "खावा साहेब. घरी कोणाला सांगत न्हाई आम्ही."

डॉक्टरांनी रश्शाकडे पाहिलं, चुलीजवळ पडलेला दोरा पाहिला. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, "अण्णा, हिचा घसा कुठं हाय?"

घसा उकिरड्यावर होता, आणि तिथे कुत्रं पोचलं होतं. उदगीरच्या आडतवाल्यांचा हा मुलगा कोंबडीच्या नरड्यासाठी कुत्र्यामागे ज्वारीतून धावला, ते आमच्या साऱ्या गावाने पाहिलं. नरडं मिळालं, बर्फात गेलं. काटा नवाच निघाला. लस बदलली, घरघर थांबली, शेड आजही चालू आहे.

डॉक्टर आता नाहीत. त्यांची फार आठवण येते. अण्णा अजूनही पिल्लांच्या प्रत्येक खेपेतल्या एका कोंबडीला लाल दोरा बांधतात. ती विकत नाहीत, कापत नाहीत. परवा गिऱ्हाइकाने नेमका तिचाच भाव विचारला.

"ती साहेबांची हाय," अण्णा म्हणाले, आणि तिला उचलून कानाला लावलं.