सोन्याच्या खाणीपाशी दसरा

आमच्या घरचं सोनं वेल्समधल्या एका मेंढीनं खाल्लं. पोलिसांत मी तक्रार केलेली नाही.

त्या वर्षी आई गेली आणि बाबांना मी नागपूरहून हॅरोला आमच्याकडे घेऊन आलो. ते कशालाही ‘बरं’ एवढंच म्हणायचे. सामानात जिवापाड जपलेलं एक पाकीट होतं. आदल्या दसऱ्याला आईनं स्वतःच्या हातानं तोडलेली आपट्याची पानं. यंदा हीच एकमेकांना द्यायची, एवढं एकच त्यांनी मागितलं होतं.

आता ती घरातच देवापुढे ठेवून वाटली असती, तर माझं काय बिघडलं असतं? पण मला आयडिया सुचली. दसऱ्याला सीमोल्लंघन करतात ना, मग आपण थेट वेल्सची सीमा ओलांडू! तिथे डोंगरात एका बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीवरून जुना रस्ता जातो. तिथेच सोनं लुटू. पाच तास गाडी कोण चालवणार, असं माझ्या बायकोनं, मुग्धानं, विचारलं. बाबा म्हणाले, “बरं.”

रस्ता देखणा होता, हे कबूल. एका बाजूला ओढा, दुसरीकडे तांबूस डोंगर आणि रुंदी आमच्या गाडीपेक्षा चार बोटं जास्त. खाणीच्या अलीकडे फाटक लागलं. इकडे फाटक आपणच उघडायचं आणि आपणच लावायचं, नाहीतर मेंढ्या बाहेर पडतात. मी पाकीट घेऊन उतरलो (खाणीच्या पाटीसोबत फोटो काढायचा होता ना). ते गाडीतच राहू दे, असं बाबांनी दोनदा सांगितलं होतं. कडी गंजलेली, दोन्ही हात लागणार, म्हणून मी पाकीट शेजारच्या दगडी कुंपणावर ठेवलं.

कडी निघाली तेव्हा मेंढी शेवटचं पान चघळत होती. अर्धं पाकीटही गेलं होतं. पळून जायचे कष्टसुद्धा तिनं घेतले नाहीत.

आईच्या हातचं उरलेलं तेवढंच होतं आणि मी ते एका फोटोपायी घालवलं होतं. बाबा उतरून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

“बाबा, चुकलं माझं,” मी म्हणालो.

त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून मुग्धा धावत आली, तर बाबा हसत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

“तुझी आई दूधवाल्यापासून कचरेवाल्यापर्यंत सगळ्यांना सोनं द्यायची,” ते डोळे पुसत म्हणाले. “मीच ते पाकिटात कोंडून बसलो होतो.” मग माझ्याकडे वळले. “सोनं दिलंस ना तिला? आता पाया पड.”

“बाबा, मेंढी आहे ती.”

“तुझ्यापेक्षा सोन्याची पारख आहे तिला. वाक.”

मी वाकलो. मागे एक ट्रॅक्टर केव्हाचा येऊन थांबला होता. त्यावरच्या म्हाताऱ्यानं सगळं पाहिलं, आदरानं टोपी काढली आणि उघड्या फाटकाकडे बोट दाखवलं.

उरलेली दुपार मी दसऱ्याच्या नव्या झब्ब्यात त्याच्या बाहेर पडलेल्या अकरा मेंढ्या वळण्यात काढली. आमचं सोनं खाल्लेली तेवढी जागची हलली नाही. ती आणि बाबा फाटकाशी उभे राहून माझी गंमत बघत होते.